ॲव्हरेज ३९? बेळगाव, निपाणी, अथणी, चोर्ला: प्लग-इन गाडीच्या स्क्रीनचा चार दिवसांचा हिशोब

निघण्याआधी, बेळगाव

प्लग-इन हायब्रिड, म्हणजे पेट्रोलवरही आणि सॉकेटला लावून चार्ज केलेल्या बॅटरीवरही चालणाऱ्या गाडीचा मालक भेटला की पहिला प्रश्न ठरलेला: ॲव्हरेज किती देते? आणि उत्तर काहीही येतं. कोणी १४ सांगतो, कोणी ४०, कोणी फोनमधला फोटो दाखवतो आणि त्यात ९९.९ असतं. तिघेही खरं बोलत असतात. स्क्रीन चूक दाखवते का, आणि दाखवत असेल तर किती, हे तपासायला ऊसतोडीच्या हंगामात बेळगाव धरून चार दिवसांची फेरी आखली. हायवे, उसाचे रस्ते, घाट आणि शहर, चारही प्रकार शंभर किलोमीटरच्या आत मिळणारा भाग दुसरीकडे सहज सापडत नाही.

गाडीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण इथली गोष्ट एका कंपनीची नाही. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १८ किलोवॉट-तासांची (म्हणजे १८ युनिटांची) बॅटरी, त्यातले वापरता येण्याजोगे साधारण १४. बाकीचे चार वर-खाली राखीव असतात. स्क्रीनवर शून्य टक्के दिसलं तरी बॅटरी खरोखर रिकामी नसते, आणि शंभर दिसलं तरी काठोकाठ भरलेली नसते. माणसं आणि सामान धरून वजन सुमारे २,२०० किलो.

सोबत घेतलं ते एवढंच: १६ अँपिअरच्या पिनेचा वीज मोजणारा मीटर, ओबीडी डोंगल (गाडीच्या संगणकातली माहिती फोनवर देणारं यंत्र), टायरमधली हवा मोजायचा गेज, मल्टिमीटर आणि एक वही. वहीत प्रत्येक थांब्याला चार आकडे लिहायचे: किलोमीटर, स्क्रीनवरचे वापरलेले लिटर, बॅटरीचे टक्के, वेळ. ॲव्हरेज लिहायचंच नाही. ते नंतर भागाकार करून काढायचं.

टाकी भरली सकाळी साडेसहाला, हवा १६ अंशांवर असताना. ही वेळ हौसेने निवडलेली नाही. पेट्रोल अंशाला साधारण ०.१ टक्का फुगतं. सकाळी भरून दुपारी पुन्हा भरलं तर पंधरा अंशांच्या फरकाने दीड टक्का इकडचा तिकडे होऊ शकतो. म्हणून दोन्ही वेळा तोच पंप, तेच नोझल, गाडी त्याच फरशीवर, आणि सकाळची तीच वेळ. भरण्याआधी पाच लिटरचं माप मागितलं. ते पंपावर असतं आणि गिऱ्हाइकाला मागता येतं. पाच लिटरला २५ मिलीपर्यंत फरक कायद्याने चालतो, म्हणजे अर्धा टक्का. इथे फरक त्याच्या आत निघाला.

प्लग-इनच्या टाकीचा एक वेगळा प्रकार आहे, आणि पंपावर घाई केली तर तिथेच गडबड होते. साध्या गाडीत टाकीतली पेट्रोलची वाफ कोळशाच्या डब्यात साठते आणि इंजिन चालू असताना ओढून जाळली जाते. इथे इंजिन दिवसदिवस चालूच होत नाही, म्हणून बऱ्याच प्लग-इन गाड्यांची टाकी बंदिस्त असते आणि आत दाब धरला जातो. झाकण उघडायचं बटण दाबल्यावर आधी दाब सोडला जातो, त्याला काही सेकंद लागतात, आणि स्क्रीनवर तयार असल्याचा निरोप आल्यावरच झाकण उघडतं. तो निरोप यायच्या आत ओढाताण केली की नोझल वेळेआधीच कट मारतं आणि टाकी भरल्यासारखी वाटते. दुसरी गोष्ट, पहिला ऑटो कट झाला की थांबायचं. पंपावरचा पोरगा विचारणारच, “राउंड करू काय ओ?” नको म्हणायचं. रुपये राउंड करण्याच्या नादात अर्धा लिटर वर जातं, आणि प्लग-इनमध्ये अर्ध्या लिटरला फार किंमत आहे. दोन भरण्यांच्या मध्ये चारच लिटर जळलं असेल तर अर्ध्या लिटरने साडेबारा टक्के चूक होते. पंचवीस-तीस लिटर जळलं असेल तर तीच चूक दोन टक्क्यांवर येते. म्हणून मधे कुठे टाकी भरायची नाही, चारही दिवस संपल्यावरच.

पहिला दिवस: बेळगाव ते निपाणी, ७८ किमी

बॅटरी रात्री भरलेली. भिंतीवरच्या मीटरने १६.४ युनिट मोजले. बॅटरीत गेले त्यातले १४. उरलेले २.४ युनिट गाडीतल्या चार्जरच्या, बॅटरीच्या आणि वायरीच्या गरमीत गेले, आणि स्क्रीनला त्यांची खबरही नाही. घरच्या सॉकेटवर सावकाश चार्ज केलं तर दहा ते पंधरा टक्के असे जातातच, कारण चार्जिंग चालू आहे तोवर गाडीतले संगणक आणि पंप जागे असतात. तास वाढले की त्यांचं खाणंही वाढतं.

हायवेवर काकती सोडली की वंटमुरीचा घाट लागतो. निपाणीकडे जाताना तो उतार आहे. भरलेल्या बॅटरीने निघालेल्या गाडीचा तो तसा वाया जातो, पण त्याबद्दल तिसऱ्या दिवशी. उतार संपल्यावर संकेश्वरकडे जाताना ओडोमीटर तपासला. किलोमीटरचे दगड मोजत २५ किलोमीटर धरले तर ओडोमीटरने २५.३ दाखवले. रुंदीकरणाच्या कामात काही दगड हललेले असतात, म्हणून फोनमधल्या जीपीएसचा माग सोबत ठेवला. त्याचंही म्हणणं तेच निघालं. म्हणजे ओडोमीटर १.२ टक्के जास्त पळतो. कारण टायर. नव्या टायरची नक्षी आठ मिमी असते. झिजून दोन मिमीवर आली तर साडेतीनशे मिमीच्या त्रिज्येत सहा मिमी कमी होतात, म्हणजे १.७ टक्के. चाक लहान झालं की तेवढ्याच रस्त्याला जास्त फेरे होतात आणि गाडीला वाटतं आपण जास्त चाललो. ॲव्हरेज तिथेच फुगतं, पेट्रोलशी काही संबंध नसताना. जीपीएसने तपासायचं तर सरळ रस्त्यावरच तपासावं. घाटात तो वळणं कापतो आणि अंतर कमी दाखवतो.

ताशी ८० ते ९० च्या चालीने ५४ किलोमीटरला बॅटरी संपली. संकेश्वर नुकतंच मागे पडलं होतं आणि पुढे तवंदीचा चढ. अगदी थंड इंजिनाला थेट चढावर कामाला लावायची ही वेळ. पहिली काही मिनिटं इंजिन स्वतःला आणि सायलेन्सरमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तापवण्यातच पेट्रोल घालवतं. उरलेल्या २४ किलोमीटरना स्क्रीनने दोन लिटर दाखवले, म्हणजे लिटरला १२.

निपाणीत गाडी थांबली तेव्हा स्क्रीनवर मोठ्या अक्षरात ३९.० किमी प्रति लिटर. ७८ भागिले २. गणितात काही चूक नाही. फक्त त्या ७८ पैकी ५४ किलोमीटर ज्या विजेवर झाले ती विजेची बाजू भागाकारात कुठेच नाही. त्याच्या खाली बारीक अक्षरात विजेचा खर्च होता: १०० किमीला १७.९ युनिट. हा आकडा त्याहून फसवा. बॅटरीतले १४ युनिट पूर्ण ७८ किलोमीटरवर पसरवलेत. पण वीज वापरली गेली ५४ किलोमीटरवर, म्हणजे खरा खर्च १०० किमीला २५.९. भिंतीवरच्या मीटरने धरला तर ३०.४. एकाच स्क्रीनवर पेट्रोलचे लिटर विजेच्या किलोमीटरवर पसरवून स्वस्त दिसतात आणि विजेची युनिटं पेट्रोलच्या किलोमीटरवर पसरवून स्वस्त दिसतात. दोन्ही बाजूंनी गोड.

कंपनीच्या कागदावरचा आकडाही याच जातीचा असतो. युरोपच्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत भरलेल्या बॅटरीवरचा खर्च आणि रिकाम्या बॅटरीवरचा खर्च वेगवेगळा मोजतात, आणि मग मालक किती किलोमीटर विजेवर चालवेल याचा अंदाज धरून दोन्ही एकत्र मिसळतात. त्या अंदाजाला युटिलिटी फॅक्टर म्हणतात. मालक रोज चार्ज करेल असं त्यात बऱ्यापैकी गृहीत होतं. युरोपियन कमिशनने २०२४ च्या मार्चमध्ये २०२१ साली नोंदलेल्या गाड्यांमधूनच गोळा केलेली माहिती मांडली, तेव्हा रस्त्यावरचा प्लग-इनचा खर्च कागदावरच्या साडेतीन पट निघाला. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांत हा फरक २० टक्क्यांच्या आसपास होता. त्यानंतर तिथे युटिलिटी फॅक्टर टप्प्याटप्प्याने कडक केला जातोय.

मुक्कामी चार्जिंग झालं नाही. लॉजच्या पार्किंगमध्ये १५ अँपिअरचा सॉकेट होता, पण चार्जिंग केबलवरच्या डब्याने लाल दिवा लावला आणि बंद पडला. मल्टिमीटर लावल्यावर फेज आणि न्यूट्रलमध्ये २१८ व्होल्ट, फेज आणि अर्थमध्ये मात्र पन्नाससुद्धा नाही. अर्थिंगची वायर सॉकेटपर्यंत आलेली, पुढे जमिनीत कुठेच गेलेली नव्हती. हा प्रकार जुन्या इमारतींत सर्रास. त्यावरचा ठरलेला जुगाड म्हणजे सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकणे. दिवा हिरवा होतो, गाडी चार्जही होते. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्याला सरळ २३० व्होल्ट येतात. तसलं करायचं नाही. रिकाम्या बॅटरीवर निघायचं ठरलं, आणि मोजणीच्या दृष्टीने ते बरंच झालं.

दुसरा दिवस: निपाणी, चिकोडी, अथणी, गोकाक, बेळगाव, २३६ किमी

सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात उपयोगाचा दिवस. बॅटरी सुरुवातीला शून्य, शेवटी शून्य, मधे कुठे प्लग नाही. म्हणजे जेवढं अंतर कापलं ते सगळं पेट्रोलच्या जोरावर. उतारावर आणि ब्रेक मारताना बॅटरीत थोडं येतं आणि लगेच खर्चही होतं, पण तेही मुळात पेट्रोलचंच. तुमची गाडी लांबच्या प्रवासात किती देते, याचं उत्तर फक्त असल्या दिवशी मिळतं.

निपाणीची तंबाखूची वखारी-गोदामं मागे टाकून चिकोडी, तिथून कृष्णा ओलांडून अथणी. रस्ताभर उसाने शिगोशिग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, ताशी पंधरा-वीसच्या चालीने, मागे दिवा असला तर नशीब. त्यांच्या मागे रेंगाळणं आणि मोकळं दिसलं की ओव्हरटेक, असाच दिवस जातो. साध्या गाडीचं ॲव्हरेज यात पडतं. हायब्रिडचं तेवढं पडत नाही, कारण मंद चालीत इंजिन बंद होतं आणि ओव्हरटेकच्या जोराला मोटर हात देते.

याच उसाचं पेट्रोलशी नातं आहे. इथल्या कारखान्यांत साखरेबरोबर इथेनॉल निघतं आणि तेच पंपावरच्या ई-२० मध्ये २० टक्के मिसळलेलं असतं. लिटरभर इथेनॉलमध्ये २१ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा, पेट्रोलमध्ये ३२. हिशोब केला तर ई-२० चा लिटर निव्वळ पेट्रोलपेक्षा ऊर्जेत साधारण पावणेसात टक्के कमी पडतो. ॲव्हरेज तेवढं कमी व्हायला हवं, आणि स्क्रीनने ते दाखवायला हवं. दाखवते का, हे ती लिटर कसे मोजते यावर आहे.

टाकीतल्या तरंगत्या काट्यावरून कोणतीही गाडी ॲव्हरेज काढत नाही, तो काटा फार ढोबळ. गाडी इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारी तोटी, मोजते. इंजेक्टर दर वेळी किती मिलिसेकंद उघडा राहिला आणि त्या क्षणी रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरला पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, दाब किती होता, यावरून थेंबाचं माप ठरतं आणि अशा लाखो थेंबांची बेरीज होते. इथेनॉल जास्त असलं की सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर मिश्रण पातळ (हवा जास्त, इंधन कमी) झाल्याचं सांगतो, इंजिन इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवतं, आणि मोजणीतही ते आपोआप येतं. राहते ती घनतेची चूक: गाडीने मोजलेलं वजन लिटरमध्ये बदलताना जुन्या पेट्रोलची घनता धरली तर ई-२० मध्ये एक-सव्वा टक्का फरक पडतो. इंजेक्टरवर काजळी बसली की उघडा वेळ तोच आणि थेंब लहान. झिजला की उलटं.

डोंगल लावून फोनवर ॲव्हरेज बघणाऱ्यांनी मात्र जपून. बरीच ॲप गाडीने दिलेला इंधनाचा दर वाचत नाहीत. ती इंजिनात गेलेली हवा वाचतात आणि तिला १४.७ ने भागून पेट्रोल काढतात. १४.७ हे हवा आणि निव्वळ पेट्रोल यांचं वजनी प्रमाण. इथेनॉलचं ९ आहे, ई-२० चं साडेतेराच्या आसपास येतं. म्हणजे ॲप साधारण साडेसात टक्के पेट्रोल कमी मोजणार आणि ॲव्हरेज तेवढं चढवून सांगणार. ॲपच्या सेटिंगमध्ये हे प्रमाण आणि घनता बदलता येत असेल तर १३.५ आणि ०.७५४ घालावं. आमच्या ॲपमध्ये मुद्दाम बदललं नाही. दिवसाअखेर ॲप म्हणालं १६.४ लिटर, स्क्रीन म्हणाली १६.९. कोण खरं, ते पंपावर कळणार होतं.

अथणीत चपलांच्या दुकानांपाशी चहा, पुन्हा कृष्णा ओलांडून गोकाक. धबधब्यावर हिवाळ्यात पाणी बेताचंच, करदंट मात्र घेतलाच. संध्याकाळी बेळगाव. २३६ भागिले १६.९, स्क्रीनवर १४.०.

इथे एक नेहमीची चूक बघा. पहिल्या दिवशी ३९, दुसऱ्या दिवशी १४, मग दोन दिवसांचं ॲव्हरेज किती? बहुतेक जण बेरीज करून दोनने भागतात: साडेसव्वीस. प्रत्यक्षात ३१४ किमी आणि १८.९ लिटर, म्हणजे १६.६. किमी प्रति लिटर या मापाची सरासरी अशी काढता येत नाही. म्हणून प्लग-इन चालवणाऱ्याने स्क्रीन १०० किमीला किती लिटर या मापावर ठेवावी. बहुतेक गाड्यांच्या सेटिंगमध्ये ते आहे. मग पहिला दिवस २.६ दिसतो, दुसरा ७.२, आणि विजेवर चाललेला रस्ता ०.० दिसतो. ९९.९ चा चमत्कार आपोआप नाहीसा होतो. तो आकडा मुळात मोजलेला नसतोच. शून्य लिटरने भागता येत नाही म्हणून स्क्रीन जिथे थांबते, ती तिची मर्यादा आहे.

तिसरा दिवस: जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, १३६ किमी

रात्री बेळगावात नीट अर्थिंग असलेल्या सॉकेटवर चार्जिंग केलं. १० अँपिअर, सुमारे २२० व्होल्ट, साडेसात तास, भिंतीवर पुन्हा १६.४ युनिट.

जांबोटीपासून पुढचा रस्ता जंगलातला. चाल ४० ते ५०, झाडी, मधेच खड्डे. विजेवर चालवायला याहून चांगला रस्ता नाही. कणकुंबी म्हणजे मलप्रभेचं उगमस्थान. तिथवर आणि पुढे घाटमाथ्यापर्यंत ५० किलोमीटर झाले, १० युनिट गेले. १०० किमीला २०, परवाच्या हायवेपेक्षा सहा कमी. साध्या पेट्रोल गाडीची सवय असलेल्याला हे उलटं वाटतं. तिथे हायवे स्वस्त आणि गल्ली महाग. विजेवर चाल वाढली की हवेचा विरोध सगळं खातो, आणि मंद चालीत उगाच चालणारं इंजिन मुळात नसतंच.

माथ्यावर बॅटरी २९ टक्के. ती तशी ठेवली होती हे महत्त्वाचं. ट्रिप (स्क्रीनवरची अंतराची आणि ॲव्हरेजची नोंद) शून्य केली आणि केरीच्या बाजूला, गोव्याच्या हद्दीत, पायथ्यापर्यंत १८ किलोमीटर उतरलो. उंचीचा फरक सुमारे ७०० मीटर. २,२०० किलो वजन ७०० मीटर खाली आलं की १५ मेगाज्यूल, म्हणजे ४.२ युनिट सुटतात. त्यातले बॅटरीत किती आले? २९ चे ४४ टक्के झाले, म्हणजे साधारण २.१ युनिट, निम्मे. बाकीचे टायर, हवा, मोटर आणि वळणांवरच्या खऱ्या ब्रेकमध्ये गेले. उतारावर ब्रेक हलका आणि लवकर दाबला तर मोटर ओढते. उशिरा जोरात दाबला तर ब्रेकपॅड तापतात आणि ती ऊर्जा परत येत नाही.

बॅटरी १०० टक्के असताना हाच घाट उतरला असता तर? काहीच आलं नसतं. भरलेल्या भांड्यात ओतायला जागा नाही. मग गाडी इंजिन फिरवून ओढ धरते. इंजिनचा आवाज चढतो, पण इंजेक्टर बंद असतात, पेट्रोल जळत नाही. आवाजाने घाबरून जाऊ नये. पण माथ्याजवळ राहणाऱ्याने रात्री पूर्ण चार्ज करून सकाळी घाट उतरणं म्हणजे युनिटं पाण्यात. ७५-८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवावं.

पायथ्याला स्क्रीनवर अर्थातच ९९.९. तिथे ट्रिप शून्य न करता, बॅटरी होल्ड मोडवर ठेवून तोच घाट चढलो. होल्डमध्ये गाडी बॅटरीचे टक्के आहेत तिथेच राखते आणि ओझं इंजिनावर टाकते. चढाला ३.३ लिटर, म्हणजे लिटरला ५.५. एवढा आकडा बघून काळजात धस्स होतं, पण त्यात ७०० मीटर उंचीची किंमत आहे. वर-खाली मिळून ३६ किमी, ३.३ लिटर, स्क्रीनवर १०.९. हाही न्याय नाही, कारण बॅटरीत दोन युनिट आपण जास्त घेऊन आलो. त्यांची वजावट करायला हवी. लिटरभर ई-२० मध्ये साधारण ८.३ युनिट ऊर्जा. इंजिन आणि जनरेटर मिळून त्यातली ३० टक्के हाती लागते असं धरलं तर अडीच युनिट. म्हणजे बॅटरीतलं एक युनिट बरोबर ०.४ लिटर. २.१ युनिटचे ०.८ लिटर वजा केले की २.५ लिटर उरतात, आणि ॲव्हरेज १४.४ होतं. कालच्या सपाटीवरच्या १४ पासून फार लांब नाही. ट्रिप शून्य कुठे करता आणि तेव्हा बॅटरी किती होती, एवढ्यावर एकाच गाडीचं, एकाच घाटातलं ॲव्हरेज ५.५, १०.९, १४.४ किंवा ९९.९ होतं. घाटातलं ॲव्हरेज सांगणाऱ्याला आधी बॅटरीचे टक्के विचारावेत.

परतीला ३० किमी विजेवर आणि २० किमी पेट्रोलवर, दीड लिटर. दिवसाचे एकूण ४.८ लिटर.

चौथा दिवस: शहर आणि खानापूर, ५४ किमी

रात्री मुद्दाम चार्ज केलं नाही. सकाळी टिळकवाडीत दुसरं रेल्वे गेट पडलं. एसी चालू, बॅटरी तळाला. दोन मिनिटांत इंजिन उभ्याउभ्या चालू झालं. बॅटरी भरलेली असती तर एसीने तासाला एखाद्या युनिटाच्या हिशोबाने वीज खाल्ली असती आणि इंजिन गप्प राहिलं असतं. काही गाड्यांच्या स्क्रीनवर ‘इलेक्ट्रिक ८० टक्के’ अशी शेखी असते, ती किलोमीटरची आहे की वेळेची हे मॅन्युअलमध्ये बघावं. वेळेची असेल तर गेटला उभं राहिलेली दहा मिनिटंही त्यात इलेक्ट्रिक म्हणून जमा होतात.

पिरनवाडी, मच्छे करत खानापूर २७ किमी. जाताना चार्ज मोड: इंजिन गाडीही ओढतं आणि बॅटरीही भरतं. ४.४ लिटर गेले, लिटरला ६.१. येताना ट्रिप शून्य करून पूर्ण विजेवर, ९९.९. येतानाचा फोटो काढून पाठवायला छान. दोन्ही मिळून ५४ किमीला ४.४ लिटर, १२.३. नुसतं हायब्रिडवर ठेवलं असतं तर कालच्या हिशोबाने चार लिटरच्या आत-बाहेर लागले असते. पेट्रोलची वीज करून ती बॅटरीत घालायची आणि पुन्हा काढायची, प्रत्येक पायरीला थोडं सांडतं. चार्ज मोड पैसे वाचवायला नाही. पुढे शहरात इंजिन बंद ठेवायचं असेल किंवा मोठा चढ येणार असेल तरच.

‘चार्जपासून’ नावाची ट्रिप प्लग लावला की आपोआप शून्य होते, काही गाड्यांत चार तास बंद राहिली की दुसरी एक ट्रिप शून्य होते. हिशोबाला हाताने शून्य होणारी ट्रिपच वापरावी.

पाचव्या दिवशी सकाळी, पंप

साडेसहा, तोच पंप, तेच नोझल. बटण, थांबणं, निरोप, पहिला कट. २९.३ लिटर. स्क्रीनच्या चार दिवसांच्या नोंदी: २.० अधिक १६.९ अधिक ४.८ अधिक ४.४, एकूण २८.१. स्क्रीन १.२ लिटर कमी सांगत होती, ४.१ टक्के. युरोपात २०२१ पासून नव्या गाड्यांमध्ये इंधन मोजणारी यंत्रणा सक्तीची आहे, तिला पाच टक्क्यांपर्यंत चूक चालते. म्हणजे ही स्क्रीन त्या नियमात बसली असती. ॲपची चूक त्याहून जास्त, पण त्यात स्क्रीनचं कौतुक काही नाही. ॲपला आपणच चुकीचं प्रमाण दिलं होतं.

स्क्रीनचं चार दिवसांचं ॲव्हरेज: ५०४ भागिले २८.१, १७.९. पावतीचे लिटर घातले तर १७.२. ओडोमीटरचे १.२ टक्के कापून ५०४ चे ४९८ केले तर १७.०. सगळ्या यांत्रिक चुका धरून १७.९ चे १७ झाले. एवढ्यासाठी कुणी भांडत नाही.

खरी फोड त्याच्या पुढची. ५०४ पैकी १३४ किमी विजेवर, दोन चार्जचे ३२.८ युनिट. उरलेले ३७० किमी पेट्रोलच्या खात्यात, २९.३ लिटर. ओडोमीटरची दुरुस्ती धरून पेट्रोलवर लिटरला १२.५ आणि विजेवर युनिटला चार किलोमीटर. १७ या आकड्याने चाललेला एकही किलोमीटर या फेरीत नव्हता. तो फक्त चार्ज किती वेळा केलं त्याचा आकडा आहे. निपाणीच्या लॉजवर अर्थिंग असतं तर तो वीसच्या वर गेला असता, गाडी तीच असूनही.

पैशाचा हिशोब आपापल्या दराने करावा. पेट्रोल १०० रुपये धरलं तर किलोमीटरला आठ रुपये, वीज युनिटला ८ रुपये धरली तर दोन. रोज शहरात तीस-चाळीस किमी आणि घरी अर्थिंगचा सॉकेट असेल तर दोनाच्या जवळ राहाल. आठवड्याला पुणे-बेंगळुरू करणारा आठच्याच जवळ, वर बॅटरीचं वजन वाहून.

या गाडीपुरतं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय: स्क्रीनच्या ॲव्हरेजला ०.९५ ने गुणा, युनिटं भिंतीवरच्या मीटरने मोजा. टायर बदलले की हे ०.९५ पुन्हा काढायचं. नवे टायर आले की ओडोमीटर कमी पळणार आणि स्क्रीन निदान तेवढ्यापुरती खरी बोलणार.